निरीश्वरवादाची आत्मपरीक्षा : अँटनी फ्ल्यू यांच्या प्रश्नाच्या आधारे एक चिकित्सा

प्रास्ताविक

धर्मचिकित्सेच्या क्षेत्रात प्रश्न विचारण्याचा अधिकार निरीश्वरवाद्याकडे आणि उत्तर देण्याची जबाबदारी श्रद्धावंताकडे, अशी विभागणी रूढ झालेली दिसते. ऐतिहासिकदृष्ट्या ती समजण्यासारखी आहे. धर्मसंस्थांनी दीर्घकाळ प्रश्नकर्त्यांना शासन केले. त्यामुळे प्रश्न विचारणे हेच निरीश्वरवाद्याचे ओळखचिन्ह बनले. मात्र जो इतरांच्या श्रद्धांना प्रश्न विचारतो तो स्वतःच्या धारणांनाही तितक्याच कठोरपणे प्रश्न विचारत असणार, असे मानण्याची सवयही त्यातूनच जडली. हे गृहीतक बरोबर असेल किंवा नसेल. पण ते न तपासता स्वीकारणे विवेकवादाला शोभणारे नाही.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी मुख्यतः ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्ल्यू (१९२३–२०१०) यांच्या वैचारिक प्रवासाच्या आधारे केली आहे. फ्ल्यू यांनी १९५० मध्ये श्रद्धावंतांना एक अडचणीचा प्रश्न विचारला आणि २००४ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, आपण निरीश्वरवाद सोडत असल्याचे जाहीर केले. एकाच व्यक्तीच्या ठायी प्रश्न आणि मतांतर दोन्ही आढळत असल्याने हे उदाहरण विशेष बोलके आहे. त्याच्या जोडीला नॉरवुड रसेल हॅन्सन आणि ए. जे. एअर हे दोन तत्त्वज्ञ, भारतीय परंपरेतील जयराशी भट्ट आणि २००८ साली महाराष्ट्रात घेतली गेलेली फलज्योतिषाची चाचणी यांचा विचार केला आहे. मत बदलणे किंवा न बदलणे ही निरीश्वरवाद्याच्या आत्मपरीक्षेची कसोटी होऊ शकत नाही. कोणत्या कारणाने आपले मत बदलेल हे तो आधी सांगतो का आणि ते कारण समोर आल्यावर ते कोणत्या मापाने मोजतो, ही खरी कसोटी आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

'नास्तिक' या शब्दाविषयी आरंभीच खुलासा करणे आवश्यक आहे. भारतीय दर्शनपरंपरेत वेदप्रामाण्य नाकारणारा तो नास्तिक. त्यामुळे जगत्कर्ता ईश्वर न मानणारे अभिजात सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शने आस्तिक ठरतात. आधुनिक मराठीत मात्र ईश्वर न मानणारा तो नास्तिक, असा अर्थ स्थिरावला आहे. घोटाळा टाळण्यासाठी या लेखात 'निरीश्वरवादी' हा शब्द योजला आहे.

फ्ल्यू यांचा प्रश्न

फ्ल्यू हे मेथडिस्ट धर्मोपदेशकाचे पुत्र. शालेय वयातच, जगातील दुःखाची ईश्वराच्या कल्पनेशी सांगड घालता न आल्याने, त्यांची श्रद्धा गेली. पुढे ऑक्सफर्डमध्ये ते तत्त्वज्ञानाकडे वळले आणि तेथील सॉक्रेटिक क्लबमध्ये १९५० साली त्यांनी 'थिऑलॉजी अँड फॉल्सिफिकेशन' हा छोटा निबंध वाचला. श्रद्धावंत आणि अश्रद्ध यांनी समोरासमोर वाद करावा यासाठी हा क्लब होता आणि त्याचे अध्यक्षपद सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकाकडे होते. पुढे १९५५ मध्ये फ्ल्यू आणि अ‍ॅलास्डेअर मॅकिंटायर यांनी संपादित केलेल्या निबंधसंग्रहात हा निबंध समाविष्ट झाला.

निबंधात फ्ल्यू यांनी जॉन विज्डम यांच्या एका दृष्टांताचा स्वतःच्या पद्धतीने विस्तार केला आहे. दोन प्रवाशांना अरण्यात एक मोकळी जागा आढळते. तेथे फुलेही आहेत आणि तणही. एक म्हणतो, येथे कोणी माळी असला पाहिजे. दुसरा म्हणतो, नाही. दोघे पहारा ठेवतात, विजेचे कुंपण घालतात, माग काढणारी कुत्री आणतात. माळी सापडत नाही. तरीही पहिला म्हणत राहतो की माळी आहे. पण तो अदृश्य आहे, त्याला स्पर्श होत नाही, त्याला वास नाही. अशा दुरुस्त्या करता करता मूळ विधानातला आशयच संपून जातो. मग असा माळी आणि मुळीच नसलेला माळी यांत फरक तो काय राहिला? या दृष्टांतावरून फ्ल्यू श्रद्धावंताला विचारतात की, काय घडले असता ईश्वर नाही किंवा तो प्रेमळ नाही हे तुम्ही मान्य कराल? या प्रश्नाला उत्तरच नसेल, तर तुमचे विधान जगाविषयी काहीही सांगत नाही.

या निबंधाला दोन महत्त्वाची उत्तरे मिळाली. बेसिल मिचेल यांनी म्हटले की श्रद्धावंत विरोधी पुराव्याचे वजन जाणतो. पण ज्याच्यावर त्याने विश्वास टाकला आहे त्याच्याविषयी तो उतावळेपणाने निर्णय करीत नाही. आर. एम. हेअर यांनी अधिक मूलगामी मुद्दा मांडला. जगाकडे पाहण्याच्या मूलभूत धारणेला त्यांनी 'ब्लिक' असा स्वतः बनवलेला शब्द वापरला. सगळे प्राध्यापक आपल्या जिवावर उठले आहेत असे मानणाऱ्या वेड्याचे उदाहरण त्यांनी दिले. प्राध्यापक कितीही प्रेमाने वागले तरी त्याला त्यात कावाच दिसतो. हेअर यांचे म्हणणे असे की शहाण्या माणसालाही 'ब्लिक' असतो; फक्त तो योग्य असतो. म्हणजे पुराव्याचा अर्थ ज्या चौकटीत लावायचा, ती चौकट पुराव्यातून सरळ निघत नाही.

हेअर यांच्या या मुद्द्याचा रोख श्रद्धावंतांपुरता मर्यादित राहू शकत नाही, याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. प्रत्येक अद्भुत घटनेत जो भ्रम, लबाडी किंवा योगायोगच पाहील, त्याच्याजवळही दुरुस्त्यांचा अखंड साठा असू शकतो. त्यामुळे फ्ल्यू यांचा प्रश्न उलटा फिरवता येतो. काय घडले असता निरीश्वरवादी आपले मत चुकीचे मानील? हा प्रश्न विरोधकाने विचारला म्हणून तो खोडसाळ ठरत नाही. तो फ्ल्यू यांच्याच कसोटीतून निघालेला आहे.

गृहीतकाची ढाल

या उलट प्रश्नाला फ्ल्यू यांचे उत्तर 'द प्रिझम्प्शन ऑफ एथीझम' या १९७६ च्या ग्रंथात सापडते. त्यांच्या मते निरीश्वरवादी शब्दाचा अर्थ दोन प्रकारे करता येतो. ईश्वर नाही असे ठामपणे म्हणणारा हा एक प्रकार. ईश्वर आहे असे न म्हणणारा हा दुसरा. फ्ल्यू दुसरा अर्थ स्वीकारतात. वादाचा आरंभ या नकारात्मक भूमिकेपासून व्हावा आणि ईश्वर आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, असे ते सुचवतात. फौजदारी न्यायालयात आरोपी निर्दोष मानून कामकाज सुरू होते आणि गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते, ही उपमा त्यांनी वापरली आहे.

ही मांडणी पद्धतीच्या दृष्टीने योग्य आहे. जो दावा करतो त्याने पुरावा द्यावा, हे विवेकवादाचे मूलतत्त्व तिच्यात आहे. परंतु तिच्यातील एक उणीव उपमेतूनच स्पष्ट होते. न्यायालयातील निर्दोषत्वाचे गृहीतक न्याय्य ठरते, कारण ते कशाने खोडले जाईल हे कायद्याने आधी सांगितलेले असते. कोणता पुरावा ग्राह्य, कोणता अग्राह्य, संशयाचा फायदा कोठपर्यंत द्यायचा, याचे नियम खटला सुरू होण्यापूर्वी ठरलेले असतात. ज्या न्यायालयात आरोपी निर्दोष मानला जातो, पण कोणता पुरावा पुरेसा ठरेल हे कधीच सांगितले जात नाही, तेथे खटला ही केवळ औपचारिकता ठरेल. फ्ल्यू यांनी आपले गृहीतक खोडता येण्यासारखे आहे असे स्पष्ट म्हटले. मात्र ते कशाने खोडले जाईल याची मांडणी तितक्या स्पष्टपणे केली नाही. श्रद्धावंताला १९५० मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे स्वतःपुरते उत्तर त्यांनी बाकीच ठेवले.

नकारात्मक निरीश्वरवादाचा असा उपयोग पुढे वारंवार झाला. आपण काहीच मानत नाही, त्यामुळे आपल्याला काही सिद्ध करायचे नाही आणि तपासायचेही नाही, असा युक्तिवाद त्यातून उभा राहिला. वास्तविक, ईश्वर नाही असे धरून जगणारा माणूस मृत्यू, नीती, दुःख यांविषयी अनेक भावात्मक मते बाळगत असतो. ही मते त्याला ढालीआड ठेवता येत नाहीत.

हॅन्सन : आधी सांगितलेली अट

या बाकी राहिलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देण्याचे धाडस अमेरिकन विज्ञान-तत्त्वज्ञ नॉरवुड रसेल हॅन्सन यांनी केले. १९६७ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाल्यानंतर, १९७१ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहात हा विचार येतो. एका सकाळी आकाश दुभंगून झ्यूससारखी महाकाय आकृती प्रकटली, पृथ्वीवरील सर्वांनी ती पाहिली आणि तिने आपण अस्तित्वात असल्याचे स्वतः हॅन्सन यांना उद्देशून घोषित केले, तर आपण ईश्वर मानू, असे ते सांगतात. अशी घटना घडलेली नाही. म्हणून न मानणे हीच सुसंगत भूमिका होय, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कुंपणावर बसणाऱ्या अज्ञेयवाद्यावरही ते याच मुद्द्याने टीका करतात.

हॅन्सन यांच्या उत्तराचे मोल त्याच्या प्रामाणिकपणात आहे. आपले मत जगातील घटनांनी बदलू शकते हे त्यांनी मान्य केले, म्हणजेच आपले विधान आशयपूर्ण असल्याचे दाखवले. परंतु ही अट इतकी भव्य आहे की ती घालणाऱ्याला काही गमवावे लागण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. पुरेशी मोठी अट घालणे हाही प्रश्नातून सुटण्याचा एक मार्ग असू शकतो. त्यामुळे आधी अट सांगणे आवश्यक असले, तरी ती अट खरोखर पूर्ण होऊ शकेल अशा पातळीवर असणेही तितकेच आवश्यक ठरते.

अशी अट मुळातच घालता येत नाही, असे म्हणणारा पक्षही आहे. २०१० मध्ये पी. झेड. मायर्स आणि जेरी कॉइन या दोन अमेरिकन जीवशास्त्रज्ञांत यावर मतभेद झाले. दोघेही निरीश्वरवादी. ईश्वराची संकल्पनाच इतकी विसंगत आहे की तिच्या बाजूचा पुरावा म्हणजे काय हेच ठरवता येत नाही, असे मायर्स यांचे म्हणणे. तर वैज्ञानिकाने तत्त्वतः तरी पुराव्याला दार उघडे ठेवले पाहिजे, असे कॉइन यांचे. मायर्स यांचा मुद्दा तर्कदृष्ट्या दुर्लक्षणीय नाही. मात्र तो स्वीकारला तरी जबाबदारी संपत नाही, केवळ तिचे स्थान बदलते. संकल्पना विसंगत आहे हा स्वतःच एक दावा आहे. तो घटनेने खोडता येत नसेल, तर युक्तिवादाने खोडता आला पाहिजे. आणि कोणता युक्तिवाद पुरेसा ठरेल हे सांगण्याची तयारी दाखवली पाहिजे.

एअर : मत आणि मताविषयीचा ताठरपणा

हॅन्सन यांच्यापुढे प्रश्न कल्पनेत उभा होता. एअर यांच्यापुढे तो शरीरावर येऊन आदळला. ए. जे. एअर (१९१०–१९८९) यांनी 'लँग्वेज, ट्रूथ अँड लॉजिक' या १९३६ च्या ग्रंथात ईश्वरविषयक विधाने अर्थशून्य ठरवली होती. तेथे त्यांनी तर्काची सचोटी इतकी पाळली की, ईश्वर आहे हे विधान अर्थशून्य असेल तर ईश्वर नाही हे विधानही अर्थशून्यच ठरते, असे त्यांनी नमूद केले.

१९८८ मध्ये लंडनच्या रुग्णालयात उपचार घेत असताना घशात घास अडकून त्यांचे हृदय सुमारे चार मिनिटे बंद पडले. शुद्धीवर आल्यानंतर त्यांनी त्या अवस्थेतील अनुभव वृत्तपत्रात लिहिला. एक अत्यंत प्रखर, वेदनादायक तांबडा प्रकाश आपल्याला दिसला, विश्वाच्या कारभाराशी त्याचा संबंध असल्याची जाणीव होत होती आणि अवकाशाची व्यवस्था बिघडली असून ती दुरुस्त करावी असे वाटत होते, असे त्यांनी सांगितले. मृत्यू हाच आपला शेवट, ही खात्री या अनुभवाने किंचित दुबळी झाल्याची कबुलीही त्यांनी दिली. त्याच वेळी त्यांनी हेही स्पष्ट केले की मृत्यूनंतर काही उरते असे मानले तरी त्यावरून ईश्वर सिद्ध होत नाही.

काही आठवड्यांनी त्यांनी दुसरा लेख लिहून पहिल्याची दुरुस्ती केली. मृत्यूनंतर जीवन नाही हे आपले मत दुबळे झाले नाही. त्या मताविषयीची आपली ताठर वृत्ती मात्र सैल झाली, असा त्याचा आशय होता. या दुरुस्तीला काहींनी माघार म्हटले असते, परंतु चिकित्सेच्या दृष्टीने हा दुसरा लेखच अधिक मोलाचा आहे. मत आणि त्या मताला धरून ठेवण्याची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद एअर यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवला. अनुभव आला म्हणून त्यांनी निष्कर्ष उलटा फिरवला नाही आणि तो अनुभव गैरसोयीचा होता म्हणून लपवलाही नाही. इतर कोणाच्या अशा अनुभवाला त्यांनी जे वजन दिले असते, तेच स्वतःच्या अनुभवाला दिले. आत्मपरीक्षा झाली आणि तरीही मत कायम राहिले, याचे हे स्वच्छ उदाहरण होय.

फ्ल्यू यांचे मतांतर

आता मूळ उदाहरणाकडे वळता येईल. २००४ मध्ये फ्ल्यू यांनी आपण कोणत्या तरी प्रकारचा ईश्वर मानू लागल्याचे जाहीर केले. हा ईश्वर अ‍ॅरिस्टॉटलच्या आदिकारणासारखा आहे, तो मनुष्याच्या जीवनात हस्तक्षेप करीत नाही आणि मरणोत्तर जीवनावर आपला विश्वास नाही, असे त्यांनी गॅरी हॅबरमास या ख्रिस्ती तत्त्वज्ञाला दिलेल्या मुलाखतीत सांगितले. युक्तिवाद जेथे नेईल तेथे जायचे, हे प्लेटोच्या सॉक्रेटिसकडून घेतलेले सूत्र आपण पाळले, असा त्यांचा दावा होता.

या मतांतराचे मुख्य कारण त्यांनी जीवसृष्टीच्या उगमात शोधले. डीएनएची गुंतागुंत आणि पहिल्या स्वयंपुनरुत्पादक जीवाची उत्पत्ती यांचा उलगडा निसर्गवादी पद्धतीने होत नाही, असे त्यांना वाटू लागले. येथे त्यांच्याच १९५० च्या कसोटीने परीक्षण केले असता दोन दोष दिसतात. पहिला असा की, आजच्या विज्ञानातील रिकाम्या जागेत ईश्वराला बसवण्याचा हा युक्तिवाद आहे; ज्ञान वाढले की अशी जागा आकसत जाते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. या विषयावरील संशोधनाचा पुरेसा मागोवा न घेता त्यांनी जेराल्ड श्रोडर यांसारख्या लेखकांच्या लोकप्रिय मांडणीवर भिस्त ठेवली. रिचर्ड कॅरिअर या अमेरिकन लेखकाने पत्रव्यवहारात याकडे लक्ष वेधले, तेव्हा जीवोत्पत्तीविषयी नैसर्गिक सिद्धान्तच उपलब्ध नाहीत हे आपले विधान चुकीचे होते आणि आपली दिशाभूल झाली, असे फ्ल्यू यांनी २००४ च्या अखेरीस मान्य केले. मात्र आधारविधान मागे घेऊनही निष्कर्ष त्यांनी कायम ठेवला. माळी सापडला नाही तरी माळी आहेच म्हणणाऱ्या प्रवाशाशी हे वर्तन जुळते, हे नाकारता येत नाही.

म्हणून मत बदलण्याची तयारी आणि मत नीट तपासणे या गोष्टी समानार्थी नाहीत. फ्ल्यू यांच्यात पहिली होती, यात शंका नाही. अर्धशतकाची प्रतिष्ठा, ग्रंथ आणि स्नेहसंबंध पणाला लावण्यास धैर्य लागते. परंतु ज्या कठोरतेने त्यांनी माळ्याचा शोध घेतला, त्या कठोरतेने त्यांनी आपल्या नव्या कारणाची झडती घेतली नाही.

प्रतिक्रियांची चिकित्सा

या प्रसंगी इतर निरीश्वरवाद्यांनी काय केले, हा या लेखाच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रतिक्रिया दोन प्रकारच्या होत्या. एका प्रकारात वस्तुस्थिती तपासली गेली. कॅरिअर यांचा पत्रव्यवहार या प्रकारचा असून त्याचा परिणामही झाला. फ्ल्यू यांनी एक विधान मागे घेतले. दुसऱ्या प्रकारात वयाकडे बोट दाखवले गेले. रिचर्ड डॉकिन्स यांनी २००६ च्या 'द गॉड डिल्यूजन' मध्ये फ्ल्यू यांच्या मतांतराचा उल्लेख म्हातारपणाच्या संदर्भात आणि उपहासाने केला. हेच डॉकिन्स त्याच ग्रंथात श्रद्धेची सात पायऱ्यांची मोजपट्टी मांडून स्वतःला सातव्या पायरीवर न बसवता सहाव्या पायरीवर बसवतात. सहावी आणि सातवी यांत जे अंतर त्यांनी तत्त्वतः मोकळे ठेवले, ते एका ज्येष्ठ सहप्रवाशाने प्रत्यक्ष ओलांडले तेव्हा मात्र तेथे युक्तिवादाऐवजी वय आले.

वयाचा मुद्दा सर्वस्वी अप्रस्तुत होता असेही नाही. २००७ मध्ये फ्ल्यू यांच्या नावे रॉय अब्राहम वर्गीस यांच्यासह 'देअर इज अ गॉड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मार्क ओपनहायमर या पत्रकाराने न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिक पुरवणीत लिहिलेल्या लेखातून, फ्ल्यू यांची स्मरणशक्ती क्षीण झाल्याचे आणि पुस्तकाचे प्रत्यक्ष लेखन प्रामुख्याने वर्गीस यांनी केल्याचे समोर आले. पुस्तकात आपलीच मते आहेत, असे निवेदन फ्ल्यू यांनी प्रकाशकांमार्फत दिले. येथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पुस्तक कोणाचे, हा कर्तृत्वाचा प्रश्न. त्याला स्मरणशक्तीची माहिती प्रस्तुत आहे. पुस्तकातील युक्तिवाद खरे की खोटे, हा प्रामाण्याचा प्रश्न. त्याला ती प्रस्तुत नाही. विवेकवादी चर्चेत हे दोन प्रश्न एकत्र झाले आणि पहिल्याचे उत्तर मिळताच दुसऱ्याचेही मिळाल्यासारखे अनेकांना वाटले.

श्रद्धावंतांच्या बाजूने काही वेगळे घडले नाही. ज्या ईश्वराला प्रार्थना ऐकू येत नाही आणि जो मृत्यूनंतर कोणाला भेटत नाही, अशा ईश्वराचा स्वीकार हा जणू आपल्या धर्माचा विजय असल्याप्रमाणे अनेकांनी साजरा केला. पण प्रतिपक्षाचा हा दोष निरीश्वरवाद्यांच्या दोषाचे समर्थन ठरत नाही. पुराव्याशिवाय मत नको, असे जो म्हणतो त्याच्याकडून अपेक्षा अधिक असणे स्वाभाविक आहे.

जयराशी : सर्वच उधळून लावण्याचा मार्ग

नास्तिक परंपरेने स्वतःच्या सिद्धान्तांना हात घालण्याचे उदाहरण भारतात फार पूर्वीचे आहे. साधारणपणे आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या जयराशी भट्ट यांचा 'तत्त्वोपप्लवसिंह' हा ग्रंथ १९२६ मध्ये पाटण येथील भांडारात सापडला आणि १९४० मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. जयराशी यांचा संबंध लोकायत मताशी जोडला जातो. चार्वाकांनी अनुमानावर आघात केला, पण प्रत्यक्ष हे प्रमाण राखले आणि पृथ्वी, जल, तेज, वायू ही चार भूते मानली. जयराशी प्रत्यक्षाचे लक्षणही टिकत नाही असे दाखवतात आणि भूतचतुष्टयही विचाराच्या कसोटीवर उभे राहत नाही असे सांगतात. न्याय, मीमांसा, बौद्ध, जैन यांच्यावर चालवलेले शस्त्र त्यांनी स्वपक्षावरही चालवले, ही बौद्धिक निर्भयता दुर्मीळ आहे.

तथापि या मार्गाला एक मर्यादा आहे. सर्व तत्त्वे सारखीच कोसळली, तर कोणतेही एक मत विशेष धोक्यात येत नाही. लौकिक व्यवहार विचाराशिवाय पूर्ववत चालू राहतो आणि जयराशी यांना तो तसा चालणे मान्यच आहे. सर्वव्यापी संशय हा ठरावीक मतावरील नेमक्या प्रश्नाला पर्याय होऊ शकत नाही. हॅन्सन यांची अट पोहोचण्यापलीकडची असल्याने निरुपद्रवी ठरते. जयराशी यांचा संशय सर्वांना सारखाच लागू असल्याने निरुपद्रवी ठरतो. आत्मपरीक्षेला या दोन टोकांच्या मध्ये, मोजता येईल अशा जागी उभे राहावे लागते.

महाराष्ट्रातील एक प्रयोग

अशी मोजता येणारी जागा महाराष्ट्रातील विवेकवादी कार्यात एकदा तरी स्पष्टपणे आखली गेली. विषय ईश्वराचा नव्हता, फलज्योतिषाचा होता. पण पद्धत येथे उपयुक्त आहे. २००८ मध्ये पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली. हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले यांच्या प्रत्येकी १०० अशा २०० कुंडल्या तयार करण्यात आल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन त्या कोणत्या गटातील आहेत हे ओळखण्यास सांगितले गेले. कुंडल्यांची ओळख ज्योतिषांप्रमाणेच चाचणी घेणाऱ्यांपासूनही झाकलेली होती. ४० पैकी किमान २८ उत्तरे बरोबर आल्यास दावा यशस्वी मानला जाईल, असे आधीच ठरले होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सर्वाधिक बरोबर उत्तरे २४ होती. निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या चाचणीचा निकाल सर्वज्ञात आहे. तिचे तत्त्वज्ञानात्मक महत्त्व मात्र कमी चर्चिले गेले. २८ हा आकडा ज्योतिषांची परीक्षा घेणारा होता, तसाच तो आयोजकांनाही बांधून ठेवणारा होता. तो गाठला गेला असता आयोजकांना आपल्याच नियमाने अडचणीत यावे लागले असते. हॅन्सन यांच्या अटीप्रमाणे तो अशक्यप्राय नव्हता आणि उत्तरे आल्यानंतर तो बदलण्याची सोय नव्हती. 'काय घडले असता तुम्ही चूक मान्य कराल', या फ्ल्यू यांच्या प्रश्नाला प्रश्नकर्त्यांनी स्वतः दिलेले हे अंकातील उत्तर होते. ईश्वराच्या अस्तित्वासारख्या प्रश्नाला असा आकडा लावता येत नाही, हे खरे. परंतु निरीश्वरवाद्याची बहुतेक मते अशा अंतिम प्रश्नाविषयी नसतातच. धर्म नष्ट झाल्यास समाज अधिक नीतिमान होईल काय, शिक्षणाने श्रद्धा कमी होते काय, कर्मकांड सोडल्याने दुःखातील माणसाचा आधार तुटतो काय, अशा प्रश्नांवरील मते पुराव्याला सामोरी जाऊ शकतात. आणि तेथेच आत्मपरीक्षेचे खरे काम आहे.

या संदर्भात एक सावधानता आवश्यक आहे. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या समाजात प्रश्न विचारणाऱ्याच्या जिवाला धोका असतो, तेथे विवेकवाद्यांनीच आधी स्वतःला तपासावे ही मागणी सहज दडपणाचे साधन बनू शकते. म्हणून ही अपेक्षा विवेकवादाच्या अंतर्गत शिस्तीचा भाग म्हणूनच मांडली पाहिजे. बोलण्याच्या हक्काची ती पूर्वअट होऊ शकत नाही. आत्मपरीक्षा न केलेल्या माणसालाही मत मांडण्याचा हक्क असतोच.

समारोप

वरील विवेचनावरून निरीश्वरवाद्याच्या आत्मपरीक्षेचे तीन निकष हाती येतात. आपले मत कशाने बदलेल हे त्याने आधी आणि पोहोचण्याजोग्या पातळीवर सांगावे. अनुकूल आणि प्रतिकूल पुराव्याला एकच माप लावावे. मत बदलणाऱ्याच्या वयाचे वा हेतूचे परीक्षण करण्यापूर्वी त्याच्या युक्तिवादाचे परीक्षण करावे. या निकषांवर एअर मत न बदलताही उत्तीर्ण होतात. फ्ल्यू मत बदलूनही दुसऱ्या निकषावर उणे पडतात. आणि फ्ल्यू यांचे अनेक टीकाकार तिसऱ्या निकषावर अडखळतात.

महाविद्यालयीन अध्यापनाशी या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाचा समावेश झाला. कलम ५१(क) मध्ये त्याच्यासोबत मानवतावाद, जिज्ञासा आणि सुधारणा यांचाही उल्लेख आहे. वर्गात मात्र वैज्ञानिक दृष्टिकोन हा अनेकदा टाकाऊ श्रद्धांच्या यादीच्या रूपाने शिकवला जातो. विद्यार्थी यादी पाठ करतो. यादी कशी तयार झाली आणि तिच्यातील एखादी नोंद कशाने खोडावी लागेल, हे तो विचारत नाही. परीक्षेत गुण मिळवणारे असे पाठांतर आणि घरात मिळालेली परंपरागत श्रद्धा यांत ज्ञानप्रक्रियेच्या दृष्टीने फारसा फरक राहत नाही. विद्यार्थ्यापुढे फ्ल्यू यांचा १९५० चा निबंध ठेवताना २००४ चे मतांतर आणि त्यावरील प्रतिक्रियाही ठेवल्या, तर प्रश्नाची दोन्ही टोके त्याच्या हाती येतील. त्यानंतर तो श्रद्धावंत राहील किंवा निरीश्वरवादी होईल. कोणत्या कारणाने आपण आपले मत सोडू, हे मात्र त्याला सांगता आले पाहिजे.